डिटेक्टिव्हला आधी कामधंदा द्या, दुःख नंतर बघू

प्रश्न थोडक्यात असा होता. विचारणारे कथा लिहितात, तीन-चार दिवाळी अंकांत छापून आल्यात, आता ऑडिओसाठी एक डिटेक्टिव्ह कादंबरी लिहायला घेतली आहे. नायक कडक, एकटा, जरा बिघडलेला. कुणीतरी सुचवलं म्हणून इंग्लिश कादंबरीकार ज्युलियन बार्न्सने दुसऱ्या नावाने लिहिलेल्या, डफी नावाच्या डिटेक्टिव्हच्या मालिकेतलं पहिलं पुस्तक वाचलं आणि गोंधळ वाढला, कारण त्यात 'साहित्यिक' असं काही दिसेना, उलट घाणच जास्त. मग एवढ्या मोठ्या लेखकाने हे का केलं, आपण आपलं साहित्यपण किती ठेवायचं, आणि टोपणनाव घ्यावं का? सोबत पहिलं पान चिकटवलं होतं.

मी वीसेक वर्षं इंग्रजीतून गुन्हेकथा मराठीत आणतोय आणि स्वतःही अधूनमधून रहस्यकथा पाडतो, ('पाडतो' हाच शब्द बरोबर, दिवाळी अंकाची डेडलाईन असली की पाडल्याच जातात). त्यामुळे उत्तर लांबणार, चहा घेऊन बसा.

तुमचं पान वाचलं. रात्र आहे, पाऊस आहे, अविनाश खिडकीत उभा आहे, हातात रम आहे आणि शहरावर अंधार 'विधवेच्या पदरासारखा' पसरलाय. वाक्य चांगली आहेत हो, त्याबद्दल प्रश्नच नाही. पण पान संपलं तरी मला कळलं नाही की हा माणूस महिन्याचं भाडं कुठून भरतो. तुम्ही विचारताय साहित्यपण किती ठेवू, टोपणनाव घेऊ का. माझ्या मते अडचण या दोन्हीत नाहीये. अडचण ही की तुमच्या डिटेक्टिव्हकडे दुःख आहे आणि धंदा नाही. डफीकडे दोन्ही आहे, आणि धंदा आधी आहे.

हसू नका, मी स्वतः हेच करून बसलोय. माझा पहिला डिटेक्टिव्ह रेनकोट आणि हॅट घालून डोंबिवली स्टेशनच्या पुलावर उभा होता, आणि कथा घडत होती मे महिन्यात. संपादकांनी बाकी काही न बोलता समासात पेन्सिलीने लिहिलं होतं, 'हा घामाने मरत कसा नाही?' तो रेनकोट माझा नव्हताच, अमेरिकन डिटेक्टिव्ह कथांतून, थेट कॅलिफोर्नियाहून आलेला होता.

आता डफी. ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. निक डफी हा लंडनचा माजी पोलीस. सोहो या तिथल्या बदनाम वस्तीत नोकरीला होता, एका केसमध्ये नको तिथे हात घातला म्हणून त्याला अडकवलं. डफीला बायकाही आवडायच्या आणि पुरुषही, आणि हे हेरून त्याच्या अंगावर एक पोरगा सोडला, जो कायद्याने लहान निघाला, आणि नेमक्या वेळी दारात पोलीस. (इंग्लंडमध्ये 1967 च्या कायद्याने पुरुषा-पुरुषांमधल्या संबंधाला मुभा मिळाली खरी, पण दोघंही 21 च्या वरचे हवेत, हे वय 1994 मध्ये 18 वर आलं. म्हणजे हा सापळा त्या काळातच बसतो, आज लिहिला तर खोटा वाटेल.) नोकरी गेली. आता तो 'डफी सिक्युरिटी' नावाने एकट्याचा धंदा करतो. दुकानांना, ऑफिसांना सुरक्षेचा सल्ला देणं, कुठून चोरी होते ते शोधणं, असलं काम. खून सोडवणं वगैरे नाही.

बघा, हे सगळं सांगताना पाऊस आला नाही की रम आली नाही.

हे ज्याने लिहिलं तो बार्न्स 1980 साली तसा नवखाच होता. त्याच वर्षी त्याची पहिली 'खरी' कादंबरी मेट्रोलँड आली, जिच्यावर तो सात-आठ वर्षं बसला होता, आणि त्याच वर्षी डॅन कॅव्हना या नावाने डफी आलं, जे त्या मानाने फारच भरभर लिहून झालं. कॅव्हना हे आडनाव बायकोचं, पॅट कॅव्हना, लंडनमधली नावाजलेली साहित्यिक एजंट. पुस्तकावर लेखकाचा परिचयही बनावट टाकला, आयर्लंडमध्ये जन्म, रोलर स्केट्सवर वेटर, सॅन फ्रान्सिस्कोत गे बारचा बाउन्सर, असलं काहीबाही. मजा केली आहे. पण पुस्तकात मजा कमी आहे, आणि तुम्हाला घाण वाटलं ते त्यामुळेच. लंडनजवळच्या सरेमधल्या एका शांत उपनगरात एका बाईवर चाकू चालवला जातो आणि घरचं मांजर भाजून ठेवलेलं सापडतं, इथून सुरुवात. आणि पहिल्याच वाक्यात लेखक साधारण असं सांगतो की त्या दिवशी त्या गावात बाकी विशेष काही घडलं नाही. किती कोरडं आहे बघा. एका बाजूला चाकू आणि दुसऱ्या बाजूला पेपरातल्या स्थानिक बातमीचा सूर. उपमा एकही नाही.

उपमेचं एक सांगून टाकतो, कारण तुमचं पान त्यात अडकलंय. आपल्याला हार्डबॉइल्ड, म्हणजे कडक, कोरड्या धाटणीची गुन्हेकथा म्हटलं की रेमंड चँडलरचा डिटेक्टिव्ह मार्लो आठवतो आणि त्याच्या उपमा आठवतात. पण मार्लो 'मी' म्हणून बोलतो. उपमा त्याची असते, ती त्याची विनोदबुद्धी असते, मार खाल्लेला माणूस तोंड वाकडं करून बोलतो तसं. डफीच्या चारही कादंबऱ्या 'तो' मध्ये आहेत. 'तो' मध्ये उपमा टाकली की ती लेखकाची होते, वाचकाला पात्राच्या मागे तुम्ही दिसायला लागता, शाल वगैरे घेऊन बसलेले. तुमची कादंबरी 'तो' मध्ये आहे. म्हणून एकतर 'मी' करा आणि तो विधवेचा पदर अविनाशच्या तोंडी शोभतो का ते बघा (नाही शोभत, पोलीस खात्यातून आलेला माणूस असं बोलत नाही), नाहीतर उपमा काढा. ऑडिओमध्ये तर काढाच. ऐकणारा लोकलमध्ये उभा असतो, पदर पसरेपर्यंत त्याचं ठाणं येतं.

मग बार्न्सचं साहित्यपण गेलं कुठे? गेलं नाही, ते वाक्यांतून निघून नजरेत आलं. हा माणूस लेखक होण्याआधी तीन वर्षं ऑक्सफर्ड डिक्शनरीच्या पुरवणीवर काम करत होता, शब्द कोण, कुठे, कशासाठी वापरतो ते टिपत. डफीमध्ये त्याने तेच केलंय, फक्त शब्दांऐवजी धंद्यांचं. सोहोतल्या पीप-शोच्या (नाणं टाकून झडपेतून नागड्या बाया बघायच्या) खोपटात डफी बसतो तेव्हा त्यात काही मादक नाही, नाणं, झडप, कंटाळा आणि जमिनीची अवस्था, एवढंच. दुसऱ्या पुस्तकात, फिडल सिटीमध्ये, तो हीथ्रो विमानतळावर मालाच्या शेडमध्ये कामगार बनून घुसतो, आणि अर्धं पुस्तक आपण शिकतो की पेट्या 'हरवतात' कशा, कुणाला काय माहीत असतं, कोण कुठे बघत नाही. तिसरं, पुटिंग द बूट इन, 1985 चं, तिसऱ्या डिव्हिजनमधल्या एका रडक्या फुटबॉल क्लबात घडतं, जिथे खेळाडूंना कुणीतरी ठरवून जायबंदी करतंय. डफी स्वतः रविवारच्या हौशी टीमचा गोलकीपर आहे, म्हणजे जगात एकच माणूस मागे एकटा उभा राहून सगळ्यांची चूक स्वतःच्या अंगावर घेतो तो. चौथं, 1987 चं गोइंग टू द डॉग्स, एका कंट्री हाऊसमध्ये, मेलेल्या कुत्र्यापासून सुरू होतं, आणि मला ते सगळ्यात कमी आवडतं. तिथे बार्न्सला गंमत सुचायला लागली आहे, सोहोचा माणूस हवेलीत, असा सगळा प्रकार. हसतो आपण पण चटका बसत नाही. त्यानंतर डफी आला नाही, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही.

फिडल म्हणजे इथे सारंगी-बिरंगी नव्हे, छोटी लबाडी, कामाच्या जागी वरच्यावर मारलेला हात. सरावासाठी मी त्या पुस्तकाची वीसेक पानं केली होती (छापायला नाही, वहीतच आहेत) आणि नाव 'झोलनगर' ठेवलं होतं. आणि सोहोच्या पानांना तर मराठी शब्द हात जोडून उभे असतात. तिथल्या अश्लील पुस्तकांच्या दुकानांकडून लंडनच्या पोलिसांतलेच अधिकारी नियमित पैसे खात होते, 1976-77 मध्ये त्यांचे खटले झाले आणि मोठमोठे साहेब तुरुंगात गेले. डफी आलं त्याच्या तीन-चार वर्षं आधीची गोष्ट, म्हणजे 1980 च्या वाचकाला सडका पोलीस ही कल्पना वाटलीच नसणार, ताजी बातमी होती. याला इंग्रजीत पाच शब्द लागतात, आपल्याकडे 'हप्ता' म्हटलं की काम झालं. अशी श्रीमंत भाषा हाताशी असताना तुम्ही रम आणि रेनकोट आयात का करताय?

भाषेवरून आठवलं. डफी बायसेक्शुअल आहे हे मराठीत कसं लिहायचं यावर मी एक आख्खी दुपार घालवली आहे. 'उभयलिंगी' लिहिलं की शाळेतलं गांडूळ डोळ्यासमोर येतं, 'द्विलैंगिक' सरकारी फॉर्मवरचा रकाना वाटतो. शेवटी साधं वाक्य केलं, वर केलंय तसं. तुमच्या पात्राबद्दल असा कुठलाही अवघड शब्द आला की थांबून बघा, शेजारच्या माणसाला सांगताना तुम्ही काय म्हणाल. तेच लिहा.

आता दुःखाकडे येतो, कारण दुःख नको असं मी म्हणत नाहीये. डफीला भरपूर आहे. त्याची मैत्रीण कॅरल अजून पोलिसात आहे. त्या सापळ्यानंतर डफीला तिच्याबरोबर शरीराने काही जमत नाही, बाकी जगात जमतं, तिच्याबरोबरच नाही. तरी ती येते, एकाच बिछान्यात झोपतात. आणि डफीला घड्याळाची टिकटिक सहन होत नाही. रात्री राहायला जो कोणी येईल, त्याने मनगटावरचं घड्याळ काढून आवाज येणार नाही अशा ठिकाणी ठेवायचं. त्यात भर म्हणजे तो कमालीचा स्वच्छतेचा, सगळं कसं झाकणाच्या प्लास्टिक डब्यांमध्ये नीट. कानात सोन्याची बारीक कुडी. दारू पिऊन भिंतीला डोकं टेकणारा हिरो नाही हा, ओटा पुसणारा आहे.

त्या घड्याळावर जरा थांबा. समजा तुमच्याकडे तोच प्रसंग आहे, फसवला गेलेला, नोकरी गेलेला, रात्री झोप न येणारा माणूस. तुम्ही लिहाल (मीही लिहिलं असतं), 'झोप त्याच्यापासून कधीच दुरावली होती.' वाचक म्हणणार बरं, पुढे. त्याऐवजी कोणीतरी बाई दमून घरी आली आहे, ती सवयीने घड्याळ काढते आणि न सांगता दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवते. तो काही बोलत नाही. यात त्याची झोप आली, तिचं त्याच्यावरचं प्रेम आलं, हे किती दिवस चाललंय ते आलं, आणि विशेष म्हणजे एक हालचाल आली जी पुढे प्लॉटमध्ये वापरता येते, कारण एखाद्या रात्री ती घड्याळ ठेवायला विसरू शकते. तुमचं साहित्यपण इथे खर्च करा. कथा लिहिणाऱ्याला हे जमतं, नुसत्या प्लॉटवाल्याला सहसा नाही, आणि म्हणून तुमच्यासारख्यांनी हे लिहावं असं मला मनापासून वाटतं.

तिसऱ्या पुस्तकात हेच अजून पुढे जातं. 1985, एड्सची भीती नवीन, नीट माहिती कुणालाच नाही, आणि डफी स्वतःचं अंग तपासत बसतो, डाग आलाय का, गाठ लागतेय का. एकीकडे फुटबॉल क्लबची फालतू केस आणि एकीकडे हे. गोळी झाडणाऱ्या व्हिलनपेक्षा मला ती पानं जास्त घाबरवून गेली होती. हार्डबॉइल्ड, कडक उकडलेलं अंडं म्हणतात ना याला, तर आत पिवळा बलक असतोच, फक्त तो वाहत नाही.

बरं, मग तुमच्या अविनाशचा धंदा काय? इथे परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे, गोष्ट कुठल्या शहरात आणि कुठल्या साली घडते ते तुम्ही लिहिलेलं नाही. आजची मुंबई-ठाणे-पुणे असेल तर प्रायव्हेट डिटेक्टिव्हच्या कामाचा मोठा भाग लग्नाआधीची चौकशी, नवरा-बायकोचे संशय, आणि कंपन्यांसाठी माणसांची पडताळणी हा असतो. आपल्याकडे डिटेक्टिव्हसाठी स्वतंत्र परवान्याचा कायदा नाही, 2007 चं एक विधेयक होतं, त्याचा कायदा झाला नाही. म्हणजे अविनाशकडे बॅज नाही, अधिकार नाही, कुणाला अडवण्याचा हक्क नाही, आहे ते एक व्हिजिटिंग कार्ड आणि ओळखी. आणि मोह कुठला? 2018 मध्ये ठाणे पोलिसांनी बेकायदा कॉल रेकॉर्ड, म्हणजे सीडीआर, मिळवून विकल्याच्या प्रकरणात प्रायव्हेट डिटेक्टिव्हांना अटक केली होती. तुम्हाला आयता प्रश्न मिळाला की, समोर रडणारी बाई आहे, नवऱ्याचा सीडीआर मिळाला तर केस दोन दिवसांत संपते, आणि ओळखीचा माणूस फक्त एका फोनवर आहे. करायचं का? हा प्रश्न अविनाशला पडला की मग मी त्याच्याबरोबर रात्रभर खिडकीत उभा राहायला तयार आहे, पाऊसही चालेल.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली असेल तर हे सगळं बदलतं, मग एसटीडी बूथ, लँडलाईन, पानवाला. ते तुम्ही ठरवा. पण सालाशिवाय डिटेक्टिव्ह लिहू नका, डफी 1980 मधून उचलून 1990 मध्ये ठेवला तरी निम्मा गळून पडतो.

टोपणनावाचं. बार्न्सने घेतलं, आयर्लंडच्या जॉन बॅनव्हिलने 2005 ला बुकर मिळाल्यावर पुढच्याच वर्षी बेंजामिन ब्लॅक होऊन गुन्हेकथा सुरू केल्या, पॉल ऑस्टरने प्रसिद्ध होण्याआधी पॉल बेंजामिन या नावाने मॅक्स क्लाईन नावाचा न्यूयॉर्कचा डिटेक्टिव्ह लिहिला होता, निव्वळ पैशासाठी, आणि पैसे काही फार मिळाले नाहीत. तिघांची कारणं वेगवेगळी. माझं निरीक्षण असं की टोपणनावाचा फायदा लोकांपासून लपण्यापेक्षा स्वतःपासून लपण्यात जास्त आहे. त्या नावाने बसलं की हात मोकळा चालतो, 'मी असं लिहितो का?' हा प्रश्न पडत नाही. पण आपल्याकडे सुहास शिरवळकरांनी दारा बुलंद, फिरोज इराणी लिहिले आणि त्याच नावाने दुनियादारीही लिहिली, काही आकाश कोसळलं नाही. त्यामुळे हात अडत असेल तर घ्या, समीक्षक काय म्हणतील म्हणून घेत असाल तर घेऊ नका, त्यांना कळतंच.

व्यवहाराचं मात्र बघून घ्या. करारात खरं नाव लागतं, पैसे पॅन कार्डावरच्याच नावाला येतात. आणि कॉपीराइट कायद्याप्रमाणे टोपणनावाने आलेल्या पुस्तकाचा हक्क प्रकाशनापासून 60 वर्षं चालतो, खरं नाव त्या मुदतीत उघड झालं तर नेहमीसारखा लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं. मुलाबाळांच्या दृष्टीने फरक पडतो, कागद कुठेतरी नीट ठेवा. एका ठिकाणी माझं टोपणनावच दुसऱ्या कुणाच्या तरी पुस्तकावर छापून आलं होतं आणि ते माझं आहे हे सिद्ध करायला माझ्याकडे साधं पत्रही नव्हतं, तेव्हा हे शहाणपण आलं.

किती भरभर लिहायचं असंही तुम्ही शेवटी विचारलंय. पहिला खर्डा भरभरच लिहा. डफी वाचताना कळतं की लेखक थांबून स्वतःच्या वाक्याकडे बघत नाहीये. मग दुसऱ्या खर्ड्यात घड्याळं, डबे, हप्ते भरा. उलटं केलंत, म्हणजे आधी सुंदर पानं आणि मग त्यात प्लॉट कोंबायचा, तर चाळीसाव्या पानावर बसाल, मी दोनदा बसलोय.

तर डफी परत वाचा, पण आता पहिलं सोडून फिडल सिटी घ्या. त्यात घाण कमी आणि काम जास्त आहे, तुम्हाला तेच बघायचंय. चारही कादंबऱ्या एकत्र असलेला ऑम्निबस निघालेला आहे, जुन्या पुस्तकांच्या दुकानात कधीकधी स्वस्तात मिळतो. मग अविनाशचं पहिलं प्रकरण नव्याने लिहून पाठवा, मी वाचीन. फक्त एक अट, त्या बाईकडून त्याने ॲडव्हान्स किती घेतला, रोख घेतला की जीपे, आणि पावती दिली का, हे पहिल्या दोन पानांत दिसलं पाहिजे. नसेल तर पेन्सिल माझ्याकडेही आहे.